अठ्ठाविसावा पलंग

रुग्णालयाच्या संगणक विभागात तिला सगळे 'मोजपट्टी' म्हणायचे, आणि तिला ते मनातून आवडायचं. संगणकांच्या जाळ्यावरच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या, प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता लागतो आणि हे पत्ते गट पाडून वाटावे लागतात. गट दुपटीनेच वाढतो: सोळाचा, बत्तीसचा, चौसष्टचा. बाकीचे लोक वीस यंत्रांसाठी खुशाल अडीचशे पत्ते देऊन मोकळे होत, तेव्हा हिचा जीव तीळतीळ तुटायचा. हृदयरोग्यांच्या वॉर्डात चोवीस पलंग, म्हणून तिने बत्तीसचाच गट दिला. त्यातले दोन नियमानेच अडकतात, वापरायला उरतात तीस. त्याला खेटून औषधभांडाराचा गट, त्याला खेटून प्रयोगशाळेचा. मध्ये बोट शिरेल एवढीही जागा नाही. असा आराखडा कुणी करून दाखवावा, असं ती चहा पिताना ऐकवायची.

गेल्या महिन्यात वॉर्डात चार पलंग वाढले. तिला विचारलं, तेव्हा तिने मान वर न करता सांगितलं, "अठ्ठावीस ना? तीस आहेत. बसतील."

पलंग तेवढे मोजले. जाळ्याचं दार म्हणजे राउटर, सिस्टरांच्या टेबलावरचा मोठा पडदा आणि प्रिंटर, यांनाही पत्ता लागतो हे मोजपट्टी विसरली. अठ्ठाविसाव्या पलंगाचं मॉनिटर जागच्या जागी चालायचं, पण टेबलावरच्या पडद्यावर त्याचा चौकोन कधी उमटलाच नाही, आणि सत्तावीस चौकोनांच्या गर्दीत ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सोमवारी छातीत दुखतं म्हणून तिच्याच वडिलांना, अप्पांना, आणलं, आणि रिकामा होता तो तेवढाच पलंग.

बुधवारी सकाळी अकराला अप्पांच्या हृदयाचे ठोके बिघडले. मॉनिटर कोपऱ्यात कापडी पडद्याआड बारीक आवाजात वाजत राहिलं, टेबलावर सगळं शांत. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याने कठड्यावर पेला आपटून आपटून सिस्टरना बोलावलं, म्हणून अप्पा वाचले.

ती धावत पोचली तेव्हा मॉनिटर बसवून गेलेल्या मशीनवाल्याची खरडपट्टी चालू होती.

"डबडं बसवून गेलात तुम्ही!" सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, मशीन चांगलंय हो. आईशप्पथ चांगलंय," तो घाम पुसत म्हणाला.

तिने लॅपटॉप उघडला. तीसपैकी तीस भरलेले.

"मशीनचाच दोष ना?" डॉक्टरांनी तिला विचारलं. "अहवालात तसं लिहितो मग."

नुसती मान हलवायची होती. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला तेवढं पुरलं असतं. तिने मशीनवाल्याच्या भिजलेल्या कॉलरकडे पाहिलं.

"नाही. मशीन ठीक आहे. त्याला द्यायला पत्ताच उरला नव्हता. वाटप मी केलं होतं."

"हे तुमचे वडील ना?" डॉक्टर हळूच म्हणाले.

तिने प्रिंटरची वायर उपटली आणि त्याचा पत्ता अप्पांच्या मॉनिटरला दिला. पडद्यावर अठ्ठाविसावा चौकोन हिरवा झाला. बाकी सगळ्या मजल्याचे पत्ते उसवून नव्याने वाटायचे होते, ते दुपारनंतर.

अप्पांनी चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले होते. ती जवळ बसली, तशी त्यांची बोटं सवयीने तिच्या बाहीची शिवण चाचपू लागली. तिने सगळं सांगितलं, काही न लपवता.

"मी शिवणीत दोन बोटं माया आत दुमडून सोडायचो," ते पुटपुटले. "पोरं वाढतात."

"मला वाटलं, वाया जातील."

"तेही खरंच गं. कापड महागाचं असलं की माझाही हात आखडायचा." लेकीला सांभाळून घ्यावं म्हणून त्यांनी विचारलं, "तुमचा हा पत्ता केवढ्याला पडतो?"

ती त्यांच्या बोटांकडे बघत राहिली.

"फुकट असतात, अप्पा. लागतील तेवढे," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.