शिवकन्येचा हात

कितीतरी गुरुवार मी अंबाजोगाईच्या मनाच्या आजाराच्या केंद्राच्या खिडकीबाहेर उभा राहून परक्या बायकांवर जळत होतो. आत माझी बायको त्यांचे हात धरून फेर धरायची. माझा हात मात्र तिनं दोन वर्षांत धरला नव्हता.

शिवकन्येच्या कानात कुणीतरी बोलतं. वस्तीवरच्या म्हाताऱ्यांनी बाहेरचं म्हणून ठरवलं, लिंबं उतरवली, कोंबडी कापली. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. त्या शब्दाला माझी जीभ अजून वळत नाही. गोळ्या चालू झाल्यापासून ती माळावर पळत नाही, भाकरी थापते, एकेक मेंढरू ओळखते. पण माझं ताट लांबून सरकवते, आणि पाणी मागितलं तर तांब्या जमिनीवर ठेवून मागे सरते. मला वाटलं, मेंढरांचा वास येत असेल. म्हणून एकदा वासाचा साबण आणून अंग खसाखसा घासलं. ती म्हणाली, "लई घमघमाट सुटलाय. कुठं चाललाव?" जवळ काही आली नाही.

केंद्रातल्या वनमाला मॅडम या आजाराच्या बायकांना पंचमीचे खेळ खेळायला लावतात. झिम्मा, फुगडी आणि शेवटी फेर. "पायाला ताल आणि हाताला हात मिळाला, की कानातला आवाज जरा मागे पडतो," असं त्यांचं म्हणणं. मला आधी ही थट्टाच वाटली. आजारी माणसाला कुणी फुगडी घालायला लावतं का? शिवकन्या तर आधी हात पदरात गुंडाळून भिंतीला चिकटून राहायची. मग एके दिवशी तिनं छबुबाईंना हात दिला. छबुबाई मोठ्या बागायतदाराच्या घरच्या, माझ्या आईच्या वयाच्या. मध्येच हवेशी भांडतात, पण गाणं उचललं की एक कडवं चुकत नाहीत. शिवकन्या त्यांच्याबरोबर गिरकी घेऊन हसली. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला हसली होती, अगदी तशी. मला आनंद झाला, आणि त्या म्हातारीचा असा राग आला म्हणून सांगू!

मग एका गुरुवारी मॅडमनी घरच्यांनाही फेरात बोलावलं. कुणाची आई आली, कुणाची जाऊ. छबुबाईंच्या घरून नेहमीसारखा ड्रायव्हरच आला होता, तो गाडीत बसून राहिला. मी फेटा सावरत आत गेलो. बायकांच्या फेरात एकटा बाप्या! छबुबाई म्हणाल्या, "या जावईबापू, लुगडं आणलंव का?" सगळ्या हसल्या. मी थेट शिवकन्येजवळ गेलो आणि हात पुढे केला. दोन्ही हात काखेत दाबून ती दाराबाहेर पळाली.

बाहेर लिंबाखाली मी तिला गाठलं. माझं डोकं फिरलं होतं. "त्या म्हातारीचा हात धरतीस, माजा कावून न्हाई? मी काय पाप केलंय?"

ती बोटं चोळायला लागली. "कानात सांगत्यात. मी ज्याचा हात धरन ते माणूस मरन. ह्याच हातात कोकरू न्हाई का मेलं?"

"मग छबुबाई?"

तिनं खिडकीकडं बघून आवाज बारीक केला. "त्या गेल्या तर मी चार दिस रडन. तुमी गेलाव तर मी काय करू?"

मी तिला नकोसा झालोय असं धरून चाललो होतो, आणि ही बाई मला जगवत होती. तिला कुशीत घ्यावं असं इतकं वाटलं, की डोळ्यांतून पाणी आलं. नेमकं तेवढंच करता येत नव्हतं. मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "सिदूभाऊ, वाद घालू नका, जबरदस्तीही करू नका. तिला वेळ लागेल." वेळ मी देईन, पण मला ती आत्ता हवी होती, त्याचं काय करायचं?

पुढच्या गुरुवारी मी पुन्हा फेरात गेलो. या वेळी शिवकन्येजवळ नाही, छबुबाईंच्या पलीकडच्या बाजूला. तिथं त्यांच्या घरचं कुणी नव्हतंच. छबुबाईंच्या एका हातात शिवकन्येचा हात आणि दुसऱ्यात माझा. गाणं सुरू झालं. शिवकन्येनं पाय आपटला, की त्याचा हिसका म्हातारीच्या दंडातून माझ्यापर्यंत यायचा. तेवढ्यासाठी मी जीव तोडून नाचत होतो. शिवकन्या पावलागणिक वाकून माझ्याकडं बघत होती, मी अजून उभा आहे ना म्हणून.

"अगं, सारखी काय बघतीस?" छबुबाई वैतागल्या. "नवरा हाय तुजा, तूच धर की!" आणि त्या माझा हात सोडायला लागल्या.

"नगं, नगं!" शिवकन्या ओरडली. "तुमीच धरा त्यांना. घट धरा, मावशी. सोडू नका."