विस्तव नसलेलं घर

लक्ष्मम्माला विसर पडायला लागला तो आधी नावांचा, मग दिवसांचा आणि शेवटी गॅसच्या बटणाचा. दोनदा बटण चालू ठेवून ती अंगणात जाऊन बसली. दुसऱ्यांदा घरभर वास सुटला, तेव्हा निलंग्याच्या बाजारातलं दुकान उघडंच टाकून ईश्वरप्पा पळत आले. आपली बायको जळून मरेल या धास्तीनं त्यांनी सिलिंडर कोठीत कुलूपबंद केला आणि विजेची शेगडी आणली.

झालं! गल्लीला बोलायला निमित्तच हवं होतं. दुकानात आलेलं गिऱ्हाईकसुद्धा गुळाआधी शेगडीची चौकशी करी.

"जाळ न्हाई, इस्तू न्हाई, भाकर फुगती व्हय त्याच्यावर?" शेजारच्या नागुबाईनं नाक मुरडलं. "चूल पेटत न्हाई ते घर कशाचं?"

लातूर जिल्हा नवा झाला त्या साली लक्ष्मम्मानंच गल्लीत पहिला गॅस आणवला होता. तेव्हा ह्याच नागुबाईनं चुलीची बाजू घेऊन गल्ली डोक्यावर घेतली होती. आता तिला गॅसचा पुळका आला होता. ईश्वरप्पांनी या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडून दिलं.

पण लक्ष्मम्माचं काय करायचं? जाळ दिसला की तिचे हात आपोआप चालायचे. इथं जाळच नव्हता. पीठ मळून ती शेगडीच्या काळ्या काचेसमोर नुसती बसून राहायची आणि हळूच विचारायची, "कोन गेलं हो?"

मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी धाडतात, एवढं मात्र तिच्या डोक्यात शाबूत होतं.

"कुनी न्हाई गेलं गं, सगळे हायेत," ईश्वरप्पा सांगायचे. दुपारी पुन्हा तेच. सांगून सांगून त्यांना रडू यायचं.

शेगडी आली त्या साली दुष्काळानं कंबरडं मोडलं होतं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, निलंग्यात टँकरची वाट बघावी लागायची, आणि विजेचा तर भरवसाच उरला नव्हता. एका सकाळी वीज गेली ती आलीच नाही. ईश्वरप्पा घागर घेऊन रांगेला निघाले. जाताना नागुबाईला म्हणाले, "वैनी, जरा लक्ष ठिवा. उपाशी हाय ती."

नागुबाई तोंडाची फटकळ, पण मनाची वाईट नव्हती. तिनं लगेच ताट झाकून नेऊन दिलं. ताटात पिठलं-भाकरी होती.

ईश्वरप्पा परतले, तेव्हा लक्ष्मम्मा भिंतीला टेकून बसली होती. कपाळाचं कुंकू पुसलेलं, पुढ्यात फोडलेल्या काकणांचे तुकडे.

"या, अण्णा, बसा," ती म्हणाली. "आमचे मालक गेले."

घागर त्यांच्या हातातून सुटली. घरभर पाणी झालं.

"अगं, मी हाय की! मीच ईश्वरप्पा!"

परक्या माणसाची कीव करावी तशी ती बघत राहिली. त्यांनी धडपडत कोठी उघडली, सिलिंडर जोडला, काडी ओढली. निळा जाळ उभा राहिला.

"बघ, पेटली चूल! कुनी गेलं न्हाई!"

लक्ष्मम्मा उठली, जवळ आली, आणि इतके महिने न जमलेलं बटण तिनं अचूक फिरवून बंद केलं.

"असं करू न्हाई, अण्णा," ती समजावत म्हणाली. "मयताचं घर हाय."