पटावर थांबलेली फटफटी

मी एक जुनी मोटारसायकल आहे. एटापल्लीच्या लाकूड डेपोत मागच्या कुंपणाला टेकून उभी असते. माझी टाकी कोरडी आहे. पुढच्या दिव्यात गांधीलमाशीने मातीचे घर केले आहे आणि गादीतला काथ्या पाखरांनी ओढून नेला आहे. मित्रांनो, डेपोत माणसे पुष्कळ येतात, पण ती सागाच्या लाकडांकडे बघतात. तुम्ही माझ्याजवळ थांबलात, म्हणून सांगते.

मला लढाईसाठी घडवले होते. एकच सिलिंडर, जड सांगाडा आणि मागच्या चाकाला स्प्रिंगही नाही. लढाई संपली तेव्हा माझ्यासारख्या शेकडो गाड्या नागपूरच्या एका मैदानात रांगेने उभ्या करून विकल्या. १९४९ सरता सरता मला लटारूने घेतले.

लटारू ब्रह्मपुरीजवळच्या एका खेड्यातला. धानाच्या गिरणीत तो तेलाचे इंजिन सांभाळी. घरी त्याची माय गोकुळा होती आणि मोठा भाऊ डोमा. बाप गेल्यावर दोघा भावांच्या वाट्याला एक-एक बैल आला होता. लटारूने आपला बैल विकला आणि मला आणले. बापाने वाढवलेली, शंकरपटाच्या शर्यतीत धावलेली जोडी फुटली. डोमाने दुसरा बैल शोधून जोडी पुन्हा जमवली, पण त्या दिवसापासून तो लटारूशी बोलेना. जेवायलाही भावाचे ताट उठल्यावर बसे.

लटारूला गिरणीत सोबतीला कोणी नव्हते आणि घरातही बोलायला कोणी उरले नाही. मग तो माझ्याशी बोलू लागला आणि बोलता बोलता मला सुधारू लागला.

पहिल्या वर्षी त्याने माझा धुराचा नळा उंच बांधला, म्हणजे नाल्याच्या पाण्यात मी बंद पडू नये. दुसऱ्या वर्षी मोडीत काढलेल्या जीपच्या स्प्रिंगा आणून माझ्या मागच्या चाकाला बसवल्या. त्याआधी बांधावरून जाताना माझा सांगाडा खिळखिळा होई. आता मागचे चाक मातीला धरून राहू लागले. तिसऱ्या वर्षी त्याने माझ्या सिलिंडरचे डोके उतरवले, जाड काचेवर एमरीची खरखरीत भुकटी पसरली आणि रोज संध्याकाळी ते डोके त्यावर गोल गोल घासले. महिनाभरात ते केसभर पातळ झाले. आतली जागा कमी झाली, दाब वाढला आणि माझा आवाजच बदलला. बांबूच्या काडीला चिंधी गुंडाळून त्याने माझा श्वास घ्यायचा मार्ग आतून इतका गुळगुळीत केला, की हवा आत घसरतच यावी. मागच्या चाकाची दात्यांची चकतीही त्याने मोठी बसवली. त्यामुळे मऊ जमिनीतही मी झेप घेऊ शकत असे.

"तू आता लढाईची नाई राह्यली," तो म्हणाला. "आता तू पळाची झाली."

मित्रांनो, तेव्हा मला नवी झाल्यासारखे वाटले. पण ज्याने ते पाहावे असे लटारूला वाटे, तो डोमा माझ्याकडे मान वळवून बघतही नव्हता.

१९५४ च्या पौषात गावात शंकरपट ठरला. धान कापून झाल्यावर मोकळ्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, बैलजोड्यांची शर्यत होते, तोच हा पट. विहिरीवर माणसे जमली होती. लटारू मला पुसत होता. डोमा बैलांना पाणी पाजत होता. लच्छू नावाचा शेजारी मोठा खोडकर. तो म्हणाला, "काऊन लटारू, तुही फटफटी पटावर काऊन नाई उतरवत? का शेणाले भेते?"

सगळे हसले. चार वर्षांनी डोमा पहिल्यांदा भावाकडे बघून बोलला.

"उतरव न! माही जोडी जितली, त हे लोखंड घराबाहेर जाईन. मंग दोघं मिळून दुसरी जोडी करू."

"अन् फटफटी जितली त?"

"त मी हिच्या मांगं बसून गावभर फिरीन. तू म्हणशीन तितका."

लटारूने मान डोलावली. बोलणे पैजेचे होते, पण चार वर्षांनी भाऊ बोलला होता. त्या रात्री त्याला घास गोड लागला असावा, कारण अंगणात येऊन तो बराच वेळ माझ्याशेजारी नुसता बसून राहिला.

आता पुढचे नीट ऐका. हे मला आणि आणखी दोघांनाच ठाऊक आहे.

आमच्या भागात पटाच्या आदल्या सांजेला बैलांना तेल पाजतात. मोहाच्या बियांना टोळी म्हणतात, त्या टोळीचे तेल. थंडीत ते तुपासारखे थिजते, म्हणून कोमट करून बांबूच्या नळीने पाजायचे. दिवेलागणीला गोकुळामायने दोन्ही बैलांना तेल पाजले. मग नळी पुन्हा भरून ती माझ्याकडे आली. लटारू माझ्या गादीखालच्या डब्यात तेल ओततो, हे तिने रोज पाहिले होते. तिने तेच झाकण फिरवले.

"घे माय," ती हळूच म्हणाली. "त्याइले पाजलं, अन् तुले काऊन उपाशी ठेवू? डोमाही माहाच, लटारूही माहाच."

लटारूने नुकतेच ताजे तेल भरले होते. त्यावर ती नळी रिकामी झाली. तिने झाकण लावले, पदराने पुसले आणि माझ्या टाकीवरून हात फिरवला. लढाईपासून आजवर मला पुष्कळ हात लागले, पण असा नाही. मला ओरडून सांगायचे होते, की हे मला चालत नाही. पण आम्हा मुक्यांना ओरडता कुठे येते?

पहाटे कडाक्याची थंडी पडली आणि माझ्या पोटात त्या तेलाच्या गुठळ्या झाल्या.

सकाळी बांधीत डफडे वाजत होते. बाया एका बाजूला, माणसे दुसऱ्या बाजूला. लटारूने किक मारली आणि मी एका दमात सुरू झाले. रोज तो झाकण उघडून तेल फिरते आहे का, ते आधी बघे. त्या दिवशीही त्याचा हात झाकणाकडे गेला होता. तेवढ्यात डोमा ओरडला, "पूजा करून राह्यला का बे? बैल थांबत नाई!"

लटारूने हात मागे घेतला.

निशाण पडले. बैल धनुष्यातून सुटल्यासारखे निघाले. पहिले पन्नास हात ते पुढे होते. मग माझ्या चाकाने माती धरली. स्प्रिंगा दबल्या, उठल्या, पुन्हा दबल्या, पण चाक जमीन सोडेना. घासून पातळ केलेल्या त्या डोक्यात स्फोटामागून स्फोट होत होते. मी बैलांच्या शिंगांशी आले. मग पुढे गेले. लटारू हसत होता, मोठ्याने हसत होता. त्याला हसताना मी तेव्हाच पाहिले.

पण आत तेल येत नव्हते. गुठळ्यांनी तेल गाळायची जाळी बंद केली होती. लोखंडावर लोखंड घासू लागले. मी जितकी जोरात पळत होते, तितकी जळत होते. टोकाचा बांध तीसेक हात राहिला आणि माझ्या सिलिंडरने दट्ट्या, म्हणजे आतला पिस्टन, घट्ट धरला. मागचे चाक जागीच थांबले. लटारू पुढे मातीत जाऊन पडला. बैल आमच्या बाजूने धूळ उडवत निघून गेले.

लोकांनी आरोळी ठोकली. लच्छू म्हणाला, "गेली रे गेली, लोखंडाची म्हैस बसली!"

लटारूने मला ढकलत बांधाजवळच्या आंब्याखाली नेले. त्याला वाटले, आपण डोके जास्त घासले. डोळ्यांत पाणी असतानाच तो पान्याने नट फिरवत होता. शेवटी त्याने तेलाची नळी सोडली. आतून पिवळट पांढरी गुठळी त्याच्या तळहातावर पडली. त्याने ती नाकाशी नेली.

तेवढ्यात डोमा आला. चिडवायलाच आला होता. "काय बे, तुह्या…" म्हणत तो वाकला आणि त्यालाही वास आला. त्याच्या बैलांच्या तोंडालाही तोच वास होता. दोघांनी एकाच वेळी बायांच्या बाजूला पाहिले. गोकुळामाय पदर खोचून लगबगीने येत होती.

"मी शब्द परत घेतो," डोमा भराभर म्हणाला. "हे हरणं नोहे. राहू दे फटफटी."

"मंग माय इचारन, काऊन घेतला परत," लटारू म्हणाला. "काय सांगशीन?"

लटारूने ती गुठळी मातीत दाबली आणि वरून पाय फिरवला.

माय आली. तिने लटारूच्या गुडघ्याचे रक्त पदराने टिपले आणि मग माझ्याकडे पाहिले. "पोटभर पाजलं होतं रे हिले म्या काल. बैलाइएवढंच. तरी काऊन थांबली?"

"तुहं तेल चांगलंच होतं माय," लटारू म्हणाला. "म्हणून त एवढी पळाली. माहा हात चुकला."

"हो माय," डोमा दुसरीकडे बघत म्हणाला. "त्याचाच हात चुकला."

मग तो भावाला म्हणाला, "चाल. लंगडत कुठी जाशीन? बस बैलापाशी."

तिघेही छकड्यात बसले. जाताना दोघे भाऊ एकमेकांना चिकटून बसले होते आणि माय मधूनच हसत होती. मी आंब्याखाली उभी राहिले. संध्याकाळपर्यंत मला न्यायला कोणी आले नाही. त्या घराला जे हवे होते ते मिळाले होते, आणि त्यासाठी मला जावे लागणार होते.

आठ दिवसांत लटारूने माझा दट्ट्या सोडवला, मला पुन्हा चालते केले आणि एका लाकूड ठेकेदाराला विकले. त्या माणसाला त्याने तीनदा बजावले, "तेल पाहून भरजा साहेब. दुसरं कोनतंबी नोका टाकू." ठेकेदाराने मला जंगलात पाच वर्षे पळवले, कधी तेल पाहिले, कधी नाही. साखळी तुटली तेव्हा या कुंपणाला टेकवले. लटारू मला बघायला कधी आला नाही. आला असता, तर मायने पुन्हा विचारले असते, की मी त्या दिवशी का थांबले.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे यंत्र, एखादे जनावर, एखादे मुके काही असेल. त्याला जीव लावा. पण देण्याआधी त्याला काय चालते, ते जाणत्याला विचारून घ्या. सुरू करण्याआधी क्षणभर थांबून त्याच्या पोटात डोकावा, मग मागून कोणी कितीही ओरडो. आणि ज्याने तुमच्यासाठी धाव घेतली, त्याला पडल्या जागी उभे ठेवून एकदम निघून जाऊ नका. निदान एकदा मागे वळून बघा. आम्ही बोलत नाही, पण वाट बघतो.