शेवटच्या पायरीवर उभे राहू नये

ज्यानं कोणी वरच्या ऑफिसात बसून ते पत्र टाईप करवून घेतलं आणि खाली झोकात सही केली, त्यानं जन्मात शिडीवर पाय ठेवलेला नाही. घरातला बल्बसुद्धा तो दुसऱ्याकडून बदलून घेत असणार, आणि तो माणूस वर चढलेला असताना खालून 'जरा डावीकडे' म्हणून सांगतही असणार. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात. या गृहस्थानं उंटसुद्धा चित्रातच पाहिला होता.

ते पत्र सोमवारी सकाळी भारमावशीच्या हातात पडलं तेव्हा ती चौथ्या पायरीवर होती.

कारखाना घडीच्या शिड्यांचा. ॲल्युमिनियमच्या, आठ पायऱ्यांच्या, पायात काळे रबरी बूट घातलेल्या शिड्या. लेबलवर छापलेलं असे, 'भार : शंभर किलो'. आता छापायला काय, कागद काहीही सोसतो. पण या लेबलाला खरं करून दाखवायचं काम एकवीस वर्षं मावशीकडे होतं. तिचं वजन शहाण्णव किलो. उरलेल्या चार किलोंसाठी खांद्याला लोखंडी पान्यांनी भरलेली कॅनव्हासची पिशवी. शटरजवळ जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या चौकोनात एकेक शिडी उभी राही, मावशी चढे, चौथ्या पायरीवर अंग घुसळे, सर्वांत वर जाऊन दोनदा पाय आपटे आणि उतरताना खालच्या पायरीला हिरव्या खडूनं बरोबरची खूण करी. पायरी बाजूच्या पट्टीला जोडणारा रिव्हेट ढिला असला तर तो 'टिक' असा बोलतो. बाकीच्यांना ऐकू यायचा नाही. मावशीला शेजारी प्रेस मशीन धडधडत असताना ऐकू यायचा. महिन्याला दहा-बारा शिड्या ती परत पाठवी, आणि रिव्हेटवाले दोन दिवस तिच्याशी बोलत नसत.

एकदा डॉक्टरांनी तिला वजन उतरवायला सांगितलं. तिनं इमानेइतबारे तीन किलो उतरवलं. फोरमननं काही न बोलता पिशवीत आणखी तीन किलोचे पाने टाकले. मग तिनंच विचार केला, अंगावर काय आणि खांद्यावर काय, वाहायचं आपल्यालाच. पुन्हा पोटभर जेवायला लागली.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग कल्पनासाहेब आले.

हे नाव लेबलवाल्यानं ठेवलेलं. लेबलवाला म्हणजे शिड्यांवर लेबलं चिकटवणारा, कारखान्यातला सर्वांत वाकड्या तोंडाचा माणूस. साहेब वयानं तिशीतले, बूट असे चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बसवलं आणि पडद्यावर चित्रं दाखवली. एका चित्रात डोंगर, त्यावर एक माणूस हात वर करून उभा.

"या कारखान्यात आजपासून कोणी कामगार नाही," साहेब म्हणाले.

मागच्या रांगेतल्या दोघी घाबरून रडायच्या बेतात आल्या.

"प्रत्येकजण नेता आहे," साहेबांनी वाक्य पुरं केलं.

"मग काम कोण करणार?" लेबलवाल्यानं विचारलं.

"उत्तम प्रश्न. हीच ती ताजी विचारसरणी," साहेब म्हणाले आणि पुढच्या चित्राकडे वळले. उत्तर आजतागायत मिळालेलं नाही.

नियम असा निघाला, की प्रत्येकानं दर शुक्रवारी चार वाजेपर्यंत एक ताजी कल्पना लिहून द्यायची. सक्तीनं. फॉर्मवर तीन चौकटी : अडचण, कल्पना, फायदा. फॉर्म वरच्या ऑफिसात जाणार आणि तिथले मोठे लोक ते वाचणार.

पहिले दोन आठवडे लोकांनी खरंच मन लावून लिहिलं. छताची गळती, बायकांच्या संडासाची कडी, प्रेसवर पंखा. त्यातलं काहीच झालं नाही, कारण या गोष्टी आधीच्या साहेबांनाही सांगून झाल्या होत्या, म्हणजे त्या ताज्या नव्हत्या. तिसऱ्या आठवड्यात लोकांची विहीर आटली. लेबलवाल्यानं कंटाळून लिहून टाकलं : 'शेवटच्या पायरीवर उभे राहू नये असे लेबल आपणच लावतो. मग ती पायरी बनवतो कशाला?'

वरच्या ऑफिसला ही कल्पना इतकी आवडली, की दहा दिवसांत शिड्या सात पायऱ्यांच्या निघायला लागल्या. लेबलवाल्याला शाबासकीचं पत्र आलं. त्यानं ते चारदा वाचलं आणि फोरमनला विचारलं, "आता हे लेबल कुठं लावू?"

"कुठं म्हणजे? शेवटच्या पायरीवर."

"शेवटची म्हणजे आता सातवी."

"मग सातवीवर लाव."

"मग सातवीवर तरी कोण उभं राहणार? ती कशाला बनवायची?"

"तू तोंड बंद ठेव," फोरमन म्हणाला. पण फॉर्मवर दुसरं काही सुचेना, आणि शुक्रवारचे चार वाजत आलेले. लेबलवाल्यानं तेच लिहून दिलं. महिनाअखेर शिड्या सहा पायऱ्यांवर आल्या. "असंच चालू राहिलं," तो डबा उघडता उघडता म्हणाला, "तर निवृत्त होईपर्यंत मी पाट बनवून जाईन."

मावशी हसली होती तेव्हा. दुसऱ्याच्या घरावरचं छप्पर उडताना गंमतच वाटते.

आठव्या शुक्रवारी तिच्याही डोक्यात काही येईना. त्या दिवशी तिनं एकशे चाळीस शिड्या चढून उतरल्या होत्या. तिनं लिहिलं. अडचण : गुडघे दुखतात. कल्पना : हे चढणे बंद व्हावे. फायदा : बरे वाटेल.

आणि आज हे पत्र. चौथ्या पायरीवर उभ्या उभ्या तिनं वाचलं, मग खाली उतरून फोरमनला वाचायला दिलं, कारण तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. 'आपली कल्पना या महिन्याची सर्वोत्तम कल्पना ठरली आहे. त्यानुसार प्रत्येक शिडीवर चढण्याची कालबाह्य पद्धत बंद करण्यात येत आहे. आपले पद या महिनाअखेर रद्द होईल. येत्या गुरुवारी आपल्या फोटोसह प्रमाणपत्र मीटिंगच्या खोलीत लावण्यात येईल. अभिनंदन.'

"म्हणजे मला काढलं?"

"तूच काढलंस तुला," फोरमन म्हणाला. "आणि तेही सर्वोत्तम."

घरी तिची नणंद टेबलाशी बसून उसवलेली उशी शिवत होती. दोघी एकत्र राहायच्या. दोघींचं माणूस, म्हणजे एकीचा भाऊ आणि दुसरीचा नवरा, सहा वर्षांमागे गेलं, तेव्हापासून भांडायला दोघींना एकमेकींशिवाय कोणी उरलं नव्हतं. नणंदेनं चष्मा कपाळावर चढवून पत्र वाचलं.

"वहिनी, आपल्या पायावर धोंडा मारून घेणारे खूप पाहिले," ती म्हणाली. "धोंड्याबरोबर फोटो काढून घेणारी तूच."

"थट्टा करू नका वन्सं."

"थट्टा कुठं? फ्रेम कुठली लावणार म्हणे? लाकडी मागून घे." मग तिनं सुई उशीत खोचली. "आणि त्या शिड्या? बघायचं कोण?"

"कोणी नाही. तशाच जाणार."

"पलीकडच्या रस्त्यावरच्या पडदेवाल्यानं मागच्याच महिन्यात तुमची शिडी घेतली. दिवसभर तिच्यावरच असतो तो. दोन पोरी आहेत त्याला."

"त्याच्या शिडीला माझा खडू आहे."

"पुढच्याच्या शिडीला?"

पद गेल्याचं दुःख होतंच, पण मावशीला रात्रभर छळलं ते या प्रश्नानं. एकवीस वर्षांत तिच्या खडूची शिडी मोडून कोणी पडल्याचं तिनं ऐकलं नव्हतं. आता शिडीवर लेबल तेच राहणार, शंभर किलो, आणि ते खरं की खोटं हे पहिल्यांदा कळणार कोणाला, तर वर चढलेल्या माणसाला.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. "माझी कल्पना मला परत द्या."

साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. माणूस वाईट नव्हता. वाईट माणूस परवडतो, त्याच्याशी भांडता तरी येतं. "मावशी, मंजूर झालेली कल्पना परत घ्यायला फॉर्ममध्ये चौकटच नाही."

"मग काय करू?"

"नवी कल्पना द्या."

तिनं तिथंच लिहिलं. अडचण : चढणे बंद झाले. कल्पना : चढणे सुरू करावे. फायदा : माणसे पडणार नाहीत. साहेबांनी वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर मनापासून खेद दिसला.

"ही तर जुनीच पद्धत आहे. वरचे ताजं मागतात, मावशी. हे ते उघडूनही बघणार नाहीत."

"आणि तुम्ही? तुम्हाला काय वाटतं?"

साहेबांनी टेबलावरचा पेन उचलून परत ठेवला. "मला वाटायचं काही नसतं हो. मी फक्त पुढं पाठवतो."

प्रत्येकजण नेता असलेल्या त्या कारखान्यात एवढं खरं वाक्य दोन महिन्यांत कोणी बोललं नव्हतं.

गुरुवारी समारंभ झाला. पन्नासेक माणसं मीटिंगच्या खोलीत कोंबली. टेबलावर मावशीची फ्रेम. फोटोत ती पकडलेल्या चोरासारखी दिसत होती. भिंतीवर खिळा आधीच ठोकलेला होता, उंचावर, कारण सर्वोत्तम कल्पना उंच असायला हवी असं साहेबांचं म्हणणं. शटरजवळ नव्या लॉटच्या दोनशे शिड्या ट्रकमध्ये चढायची वाट बघत होत्या. त्यातलीच एक आणली. सहा पायऱ्यांची, कोरी करकरीत. मावशीनं सवयीनं खालची पायरी बघितली. हिरवी खूण नव्हती.

"फ्रेम मी स्वतः लावणार," साहेब म्हणाले. "नेत्यानं पुढं असावं." बूट काढावेत की नाही या विचारात ते क्षणभर थांबले आणि बुटांसकट चढले. पाचव्या पायरीवर पोचून त्यांनी फ्रेम वर धरली. खिळा वीतभर लांब राहिला.

"अजून एक पायरी," कोणीतरी म्हणालं.

"त्या पायरीवर उभे राहू नये, साहेब," लेबलवाला अदबीनं म्हणाला. "लेबल आहे."

"पण मग खिळ्यापर्यंत पोचायचं कसं?"

"पूर्वी आठ असायच्या."

खोलीत कोणी हसलं नाही, म्हणजे सगळ्यांनी खोकून घेतलं. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी उजवा पाय उचलला आणि शेवटच्या पायरीवर ठेवला.

टिक.

"उतरा," मावशी म्हणाली.

"काय झालं?"

"डावीकडचा रिव्हेट बोलला. पाय आपटू नका. आलात तसे हळू उतरा."

"मला तर काही ऐकू आलं नाही."

"तुम्हाला नाहीच येणार."

साहेब उतरले. अगदी हळू, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, लहान मूल जिना उतरतं तसे. मावशीनं कोपऱ्यातली कॅनव्हासची पिशवी खांद्याला अडकवली, सगळ्यांना मागं सारलं आणि चढली. सहाव्या पायरीवर तिनं नुसता भार टाकला, दोन्ही हातांनी बाजूच्या पट्ट्या घट्ट धरून. पायरीचं डावं टोक खट्‌कन खाली लटकलं. रिव्हेट टणटण उड्या मारत गेला आणि साहेबांच्या चकचकीत बुटापाशी थांबला. मावशी बेतानं खाली उतरली. तिला ते अपेक्षितच होतं. साहेबांना नव्हतं.

"मी साठ किलोचा आहे," साहेब कोणालाही उद्देशून नाही असे म्हणाले.

"म्हणून वाचलात," फोरमन म्हणाला. "दुसरी शिडी आणू?"

साहेबांनी दाराबाहेर बघितलं. दोनशे शिड्या रांगेत उभ्या होत्या, सगळ्या एकसारख्या, सगळ्या शंभर किलोच्या.

"नको," ते म्हणाले. "फ्रेम टेबलावरच राहू द्या. भिंतीला टेकवून."

"का, साहेब? लेबलावर तर शंभर किलो लिहिलंय," मावशीनं विचारलं.

साहेबांनी खिशातून एक कोरा फॉर्म काढला आणि आपला पेन उघडून तिच्यापुढं धरला. "लिहा," ते म्हणाले. "मी सही करून पाठवतो. आज पहिल्यांदाच वाचून पाठवतो."

मावशीनं लिहायच्या आधी फोरमनकडे बघितलं. फोरमननं बाहेर जाऊन ट्रकवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं. लेबलवाल्यानं पहिली शिडी आणून पिवळ्या चौकोनात उभी केली. पद महिनाअखेर रद्द होणार होतं, आणि महिना संपायला अजून नऊ दिवस होते. गुडघे दुखत होते. ते दुखतातच, त्याला काय.

फॉर्म तिनं चढायला जाण्यापूर्वी पुरा केला, आणि साहेबांनी एकही शब्द न बदलता खाली सही केली. तो असा :

अडचण : तुम्ही.

कल्पना : ज्यांनी चढणे बंद केले त्यांनी इथे यावे. मी न तपासलेली एक शिडी त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे. तिच्या शेवटच्या पायरीवर जाऊन दोनदा पाय आपटावेत. माझी पिशवी देईन. हे याआधी वरच्या ऑफिसातल्या कोणीच केलेले नाही, म्हणजे कल्पना ताजी आहे.

फायदा : तुम्ही खाली आल्यावर सांगा.

आणि चौकटींच्या खाली, जिथं काही लिहायची जागाच नव्हती तिथं, कागदाच्या काठापर्यंत : ट्रक दारात उभा आहे. तुम्ही येणार आहात की नाही? हो किंवा नाही, एवढेच लिहा, पण स्वतःच्या हाताने लिहा.