सातव्या अर्थाचं उदाहरण

बाबांच्या इंग्रजी-मराठी कोशात अर्थ पुस्तकांतून यायचे, पण उदाहरण माणसाच्या तोंडचंच लागायचं. वाक्य कुणीतरी खरोखर बोललेलं हवं, आणि कार्डाच्या पाठीवर बोलणाऱ्याचं नातं, तारीख, वेळ. गेली तीस वर्षं ह्या घरात बोलणारं तोंड बहुतेक एकच होतं.

"माझ्या तोंडून शब्द पडायचा अवकाश, ह्यांची पेन्सिल हजर," आई म्हणायची. "लग्न माझ्याशी केलंत की माझ्या जिभेशी?"

तिला जाऊन आठ महिने झाले. कोश 'एस'पर्यंत आला होता, आणि त्या अक्षराचा खोका न्यायला छापखान्यातला माणूस चार वाजता यायचा होता. बाबांचा हात आता कापतो, म्हणून मी रजा काढून बसले होते. ते कार्ड वाचत, मी स्वच्छ प्रत करी.

दुपारी शब्द आला, स्लाइड. एवढासा शब्द, पण सात घरी नांदणारा. बाबा वाचू लागले आणि खोलीत आई बोलू लागली.

पहिला अर्थ, पाय घसरणे. "जपून गं, न्हाणीघर ओलं आहे, काल माझीच फजिती झाली." दुसरा, सरकणे. "हा ड्रॉवर तुमच्या बहिणीसारखा आहे, गोडीनं घेतलं तरच पुढे येतो." तिसरा, घसरगुंडी. "चढते वाघासारखी आणि वर गेली की रडते." ही मी, वय चार. चौथा, तपासणीची काच. "थेंबभर रक्तात म्हणे सगळं दिसतं. मग तुमच्यावरचा रागही दिसला असेल!" पाचवा, हळूहळू ढासळणे. "तुम्ही शिकवायला बसलात आणि पोरीचं गणित दर महिन्याला खाली चाललंय." सहावा, हळूच निसटणे. "पाहुणे आले की ह्यांची स्वारी मांजराच्या पावलांनी आतल्या खोलीत."

मी हसत होते, लिहीत होते, डोळे पुसत होते.

"सातवा," बाबा म्हणाले, "'लेट इट स्लाइड'मधला. दुर्लक्ष करून सोडून देणे. उदाहरण नंतर बघू."

हे ते कार्डाकडे न बघता म्हणाले. कार्ड तर समोरच पालथं पडलं होतं. मी उचललं.

"कळ येतेय पाठीत, पण राहू द्या हो. ऊठसूट काय डॉक्टरला फोन! जाईल आपोआप."

मागे लिहिलं होतं, पत्नी. खाली तारीख. ती गेली त्याच दिवसाची. सकाळी सात वाजून दहा मिनिटं.

"बाबा, तुम्ही तर सांगितलंत, ती काही बोललीच नाही. कळायच्या आत गेली, म्हणालात."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"फोनकडेच निघालो होतो गं. ती म्हणाली, राहू द्या. आणि मी... किती वर्षं शोधत होतो त्या अर्थाला वाक्य. आयतं आलं. म्हटलं, विसरायच्या आत टिपून घेऊ."

"मग?"

"मग तिला झोप लागलीय असं वाटलं. बरं वाटलं मला. कार्डं लावत बसलो. अकराला हाक मारली."

पंखा फिरत होता. कार्डांच्या कडा उचलत होता, ठेवत होता.

"ते फाड," बाबा म्हणाले. "दुसरं घालू. तू बोल एखादं वाक्य, ह्याच अर्थाचं. मागे लिहू, मुलगी." आणि कापत्या हातात त्यांनी स्वतः पेन्सिल घेतली, कोरं कार्ड पुढ्यात ओढलं, माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

काय अवघड होतं? जाऊ द्या बाबा. असू द्या. सोडून द्या. झालं ते झालं. दिवसातून शंभरदा म्हणतो आपण, दूधवाल्याला, वरच्या साहेबाला, बसमध्ये पाय तुडवणाऱ्याला. आठ महिने मी ह्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवला होता. जीभ टाळ्याला लागली आणि तिथंच राहिली.

पेन्सिलीचं टोक कार्डावर टेकलं होतं. हात कापत होता, त्याचे बारीक बारीक ठिपके उमटत होते.

चारला घंटी वाजली. छापखान्यातल्या माणसानं खोका काखेत मारला.

"त्यात एका अर्थाला उदाहरण नाही," मी म्हणाले.

"चालतंय की, ताई! जुळवायला तेवढीच अक्षरं कमी," तो म्हणाला आणि जिना उतरला.

आईचं कार्ड मी फाडलं नाही. पर्समध्ये घातलं. बाबांनी पाहिलं. मी दाराशी पोहोचल्यावर ते म्हणाले, "उद्या 'टी' काढायचा का?"

"बघते," मी म्हणाले.