जिवंत माणसाचा टाक

मित्रांनो, मी चांदीचा एक टाक आहे, दोन बोटं रुंद. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावानं माझ्यासारखा टाक करून देवघरात बसवतात आणि रोज पूजतात. माझ्या बाबतीत अडचण एकच होती. माझं माणूस गेलंच नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी नांदगाव खंडेश्वरचे सूर्यभान अमरावतीच्या सोनाराकडे आले. सोनारानं पत्र्यावर पुरुषाची आकृती उठवली आणि विचारलं, "कोण गेलं हो?"

"पोरगा. अंकुर."

अंकुर त्याच शहरात चंदन नावाच्या मुलाबरोबर संसार करत होता. "पुरुषासंग राहते, तो माह्यासाठी मेला," असं बायकोला, रुख्मिणीबाईंना, सांगून सूर्यभानांनी मला देवघरात ठेवलं.

समई लागली तसे शेजारचे जुने टाक कुजबुजले, "हा कोण? हा आमच्यातला नाही." ते सगळे गार होते, मी मात्र ऊन. तिकडे अंकुरला ताप आला की इकडे मी तापायचो. तो हसला की ताम्हणात आपोआप वाजायचो. मला आंघोळ घालताना रुख्मिणीबाईंचं बोट चटकायचं. त्या ते मुकाट्यानं पदरात धरायच्या. त्यांची मला दया यायची, आणि स्वतःची भीती वाटायची.

यंदा अक्षय्य तृतीयेला पितरांची पानं वाढली. एक पान माझ्यापुढे होतं, अंकुरच्या नावाचं. सूर्यभानांनी हात जोडले. "ये बाबा अंकुर, जेवून जाय."

दारात चपला वाजल्या. अंकुर उभा होता.

"सकाळपासून कोणीतरी कानात सांगून राहिलं, घरी जाय," तो म्हणाला. "मले राहवलं नाही."

सूर्यभानांचे हात तसेच जोडलेले राहिले. रुख्मिणीबाईंनी माझ्यापुढचं पान उचललं आणि लेकापुढे ठेवलं.

"याच्याच नावाचं होय ना? तुमीच बलावलं. जेवू द्या त्याले."

अंकुर जेवू लागला. बाप बराच वेळ त्याच्या हाताकडे बघत राहिला. मग रसाची वाटी त्याच्याकडे सरकवून हळूच म्हणाला, "त्या चंदनले रस आवडते का?"

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी अजून देवघरातच आहे, अजून ऊन आहे, आणि माझं मागणं उलटं आहे. मला आटवा. माझा चमचा करा आणि त्या दोघांना रस वाढा.