मैदानाखालची टाकी आणि मी

मित्रांनो, आधी नाकावरचा रुमाल काढा, मग ऐका. मी एक जुनं भुयारी गटार आहे.

गवंड्यांनी मला वीट वीट जोडून घडवलं. माझी कमान इतकी उंच, की आत माणूस ताठ उभा राहील. पहिलं पाणी सोडलं तेव्हा लोक वरून वाकून बघत होते, वाहवा करत होते. मग झाकणं बसली आणि सगळे मला विसरले. त्याचं काही नाही. गटाराची आठवण तुंबल्यावरच व्हायची.

शहर वाढलं. पूर्वी मातीत मुरणारं पाणीही माझ्याकडे येऊ लागलं. जोराचा पाऊस झाला, की खालच्या गल्लीत माझं पाणी उलटं फिरून न्हाणीघरांतून वर यायचं. तिथल्या शिवणकाम करणाऱ्या मावशींचं मशीनसुद्धा त्यात बुडालं. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला! शेवटी पालिकेच्या कचेरीत ठरलं, की गल्लीतली घरं पाडून मोठा पाइप टाकायचा.

तेव्हा एक इंजिनिअरताई पुढे आल्या. "पाडायच्या आधी मला मोजू द्या," म्हणाल्या.

त्यांनी माझ्यात प्रवाह मोजणारी यंत्रं बसवली. माझी उंची, उतार, वळणं संगणकात भरली, आणि काय सांगू, तिथे माझं जुळं भावंडच तयार झालं! उघड्या झाकणाशी उकिडवं बसून ताईंनी ते गटारसफाईच्या मुकादमांना दाखवलं. पडद्यावर पाऊस कोसळत होता. अजून आभाळातही न आलेला पाऊस! अजून न बांधलेल्या घरांचं पाणी त्यात वाहत होतं.

"ताई, हे म्हणजे बाळ जन्मायच्या आधीच अंगडी शिवणं झालं," मुकादम हसले.

"मापं बरोबर हवीत ना, काका! हे बघा, या वळणावर संगणक म्हणतो पाणी सुरळीत जाईल. यंत्र म्हणतंय तुंबतंय."

"यंत्र बिघडलं असेल."

"असेल. नाहीतर आपल्याच नजरेतून काहीतरी सुटलंय."

आतली हवा तपासून, कमरेला दोर बांधून दोघं खाली उतरली. ताईंनी बॅटरी वर धरली आणि त्या जागीच थबकल्या. "बाप रे! काका, हा तर राजवाडा आहे!"

वळणावर कुणीतरी कधीकाळी भिंत फोडून लोखंडी नळ आडवा घातला होता. त्याला चिंध्या अन् पिशव्या अडकून बांधच झाला होता. तो नळ हटवला. तरीही मोठ्या पावसात मी अपुरं पडेन, असं पडद्यावर दिसत होतं. म्हणून घरं पाडण्याऐवजी जवळच्या मैदानाखाली टाकी बांधली. जास्तीचं पाणी तिथे थांबेल, पूर ओसरला की माझ्याकडे परतेल.

मग एकदा असा पाऊस आला, की भरदुपारी अंधारून आलं. ताई मावशींच्या दारात उभ्या होत्या.

"मावशी, माझ्या शब्दावर घरं राहिली. माझं चुकलं तर?"

"तर दोघी मिळून पाणी उपसू, पोरी. आत ये, भिजतेस."

माझं पाणी चढलं, आणखी चढलं, झाकणाला टेकायला आलं. आणि तिथून ते टाकीकडे वळलं! एवढा लोंढा, पण शहाण्या लेकरासारखा दाखवलेल्या वाटेनं गेला. मावशी न्हाणीघरात डोकावल्या. फरशी कोरडी होती.

"अगं बाई!" एवढंच त्या म्हणाल्या आणि त्यांनी ताईंचा हात घट्ट धरला.

मित्रांनो, चिंध्या, पिशव्या माझ्यात टाकू नका. आणि रस्त्यात झाकण दिसलं, तर क्षणभर थांबून ऐका. एकमेकांना न ओळखणाऱ्या घरांचं पाणी खाली एकत्र चाललेलं असतं.